ओल्या कोपऱ्यातला टॅमरॅक

आमच्या मागच्या अंगणाचा सर्वांत सखल कोपरा पहिली पाच वर्षे कोणतेही झाड धरत नव्हता. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील बहुतेक घरांप्रमाणे आमच्या घरालाही तळघर आहे, तळघराच्या फरशीत एक खड्डा आहे, आणि मार्चअखेर बर्फ वितळू लागला की त्या खड्ड्यात झिरपणारे पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप रात्रंदिवस थोड्या थोड्या वेळाने सुरू होत राहतो. ते पाणी एका जाड नळीतून त्या कोपऱ्यात जाऊन पडते आणि छपराच्या पन्हळीचे पाणीही उताराने तिकडेच जाते. तिथे लावलेले सफरचंदाचे झाड दुसऱ्याच उन्हाळ्यात मुळे कुजून मेले, आणि त्याच्या जागी आणलेला शुगर मेपल शेंड्याकडून वाळत वाळत तिसऱ्या वर्षी बुंध्यापर्यंत आला. भेटेल तो सांगत होता, की दोन ट्रक माती टाका आणि कोपरा उंच करून घ्या.

मला ते पटत नव्हते. रत्नागिरीच्या आमच्या घरी न्हाणीचे पाणी जिथे जायचे तिथे आजीने अळू आणि केळी लावलेल्या होत्या, आणि पाणी मुरते म्हणून ती जागा वाईट, असे घरात कोणाच्या मनातही कधी आले नव्हते. जागा ओली असेल तर ओल मानवणारे झाड शोधायचे, एवढा साधा हिशेब होता. माझी अडचण इतकीच होती, की ओल मानवणारे आणि शिवाय उणे ३० अंश सेल्सिअसची थंडी सोसणारे झाड कोणते, हे सांगणारी आजी इथे माझ्याजवळ नव्हती.

ते झाड मला २००९च्या ऑक्टोबरात दिसले. मिनिआपोलिसच्या पश्चिम कडेला थिओडोर वर्थ पार्क नावाचे मोठे उद्यान आहे, आणि त्यात एलॉइज बटलर या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिकेच्या पुढाकाराने १९०७ साली सुरू झालेली रानफुलांची बाग आहे. त्या बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर सुमारे पाच एकरांची एक दलदल आहे. तिचे नाव ‘क्वेकिंग बॉग’, म्हणजे थरथरणारी दलदल. खाली पाणी, पाण्यावर स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचा जाड थर, आणि त्या थरातच रुजलेली झाडे, असा तो सगळा प्रकार आहे. लाकडी पायवाटेवरून आत गेले, तेव्हा शहरातले मेपल आपली लाल पाने केव्हाच टाकून मोकळे झाले होते आणि आकाश राखाडी होते. त्या राखाडीखाली ती सरळ, सडपातळ झाडे पिकलेल्या भाताच्या रंगाने उभी होती. वाऱ्याची एक झुळूक आली आणि अंगावर, केसांत, कोटाच्या बाह्यांवर बारीक पिवळ्या सुया पडू लागल्या. मी एक फांदी हातात धरली. टोचेल म्हणून जपून धरली होती. पण त्या सुया मऊ होत्या, बोटांत दुमडत होत्या.

सुईसारख्या पानांचे झाड म्हणून मी लहानपणी ओळखत होते ते एकच, भाट्याच्या किनाऱ्यावरचे सुरू. सुरूच्या बनातला तो अखंड सूं सूं आवाज आणि पायाखाली वाळलेल्या काड्यांची गादी ज्याने अनुभवली आहे, त्याला जगातले सगळे पाइन ओळखीचे वाटतात. पुढे कळले, की सुरू हा सूचिपर्णी वृक्षच नव्हे. तो फुले येणारा वृक्ष आहे, बाहेरून आणून किनाऱ्यावर लावलेला आहे, आणि ज्यांना आपण त्याची पाने समजतो त्या प्रत्यक्षात पेरापेरांच्या हिरव्या काड्या आहेत. खरी पाने त्या पेरांवर सूक्ष्म खवल्यांच्या रूपात असतात. आमच्या सह्याद्रीत पाइन-देवदार मुळातच उगवत नाहीत, त्यामुळे सूचिपर्णी म्हणजे सदाहरित, हे समीकरण शाळेच्या भूगोलातून डोक्यात पक्के बसलेले होते. क्वेकिंग बॉगमध्ये ते समीकरण पुसले गेले. माझ्यासमोर पाइनच्याच कुळातले, शंकू धरणारे, सुया असलेले झाड उभे होते आणि ते सागासारखी पानगळ करत होते.

त्याचे नाव टॅमरॅक. शास्त्रीय नाव लॅरिक्स लॅरिसिना. सूचिपर्णी असून पानझडी असलेले वृक्ष जगात मोजकेच आहेत, आणि त्यांतला लार्च हा सर्वांत मोठा गट. भारतात या गटातले झाड भेटते ते पूर्व हिमालयात, सिक्कीमच्या उंचावरच्या खोऱ्यांत. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत आणखी दोन जाती आहेत. पण टॅमरॅकइतका विस्तार त्या दोघींचा नाही. अटलांटिकच्या काठच्या न्यूफाउंडलंडपासून अलास्काच्या अंतर्भागापर्यंत, जिथे हिवाळ्यात पारा उणे ६० अंशांच्या आसपास उतरतो तिथवर, हे झाड पसरलेले आहे. कॅनडाच्या उत्तरेला जिथे वृक्षांची शेवटची रेषा संपून उघडा टुंड्रा सुरू होतो, त्या रेषेवरही ते खुरटे होऊन तग धरते. ‘टॅमरॅक’ हा शब्द इथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गाँक्वियन भाषाकुळातून आला आहे. मला अधिक आवडते ते ओजिब्वे भाषेतले नाव: मश्कीग्वाटिग, दलदलीचे झाड. ज्या लोकांनी त्याला पहिल्यांदा नाव दिले त्यांनी ते कुठे लावावे, हे नावातच सांगून ठेवले आहे.

घरी परतले ती कोपरा ठरवूनच. पण रोप मिळवणे वाटले तितके सोपे नव्हते. पुढच्या वसंतात एका रोपवाटिकेत ‘लार्च’ मागितले आणि कुंडीतले पाच फुटांचे देखणे झाड घरी आणले. महिनाभराने सुयांची एक जुडी मोजली तर चाळीसच्या घरात भरल्या. टॅमरॅकच्या जुडीत त्या दहा ते वीस असतात. कोवळ्या फांद्याही गवताच्या काडीसारख्या फिकट पिवळ्या होत्या, आणि टॅमरॅकच्या तर बारीक व तांबूस असतात. मी आणले होते ते युरोपीय लार्च. झाड वाईट नव्हे. उलट निचऱ्याच्या जमिनीत ते अधिक खुशीत राहते, म्हणून ते घराच्या पश्चिमेला उंचावर लावले आणि आजही तिथे आहे. मात्र ज्याला इथलेच झाड हवे आहे त्याने पाटीवरच्या अर्ध्या नावावर विसंबू नये, पूर्ण शास्त्रीय नाव पाहूनच पैसे द्यावेत, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. झाड मोठे असेल तर शंकूही ओळख पटवतात. टॅमरॅकचे शंकू सगळ्या लार्चमध्ये सर्वांत लहान, सुपारीपेक्षाही छोटे असतात.

खरी रोपे मिळाली ती २०११ साली. इथे बहुतेक काउंट्यांमध्ये माती आणि पाणी संवर्धनाचे काम करणारी जिल्हा पातळीवरची कार्यालये असतात, आणि ती दर वसंतात स्थानिक झाडांची रोपे स्वस्तात विकतात. रोपे म्हणजे कुंडी नाही, माती नाही; झोपेतच उपटलेल्या, मुळे उघडी असलेल्या वीतभर-हातभर काटक्यांची जुडी. पंचवीस काटक्या होत्या. वीस मी शेजाऱ्यांत आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांत वाटल्या, पाच ठेवल्या. मुळे वाळली तर सगळे संपते, म्हणून घरी आणेपर्यंत ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती आणि त्याच संध्याकाळी, डोळे फुटण्याआधी, जमिनीत गेली.

लावताना एक गोष्ट मी मुद्दाम केली आणि तिचा उपयोग झाला असे मला वाटते. टॅमरॅक दलदलीत वाढतो याचा अर्थ तो पाण्यात बुडून राहू शकतो, असा नाही. रस्त्याच्या भरावाने किंवा बीव्हर नावाच्या प्राण्याने घातलेल्या बांधाने पाणी अडून दलदलीची पातळी चढली, की टॅमरॅकची अख्खी रांग मरते, हे उत्तरेकडच्या कोणत्याही रस्त्याने जाताना दिसते. ओल्या शेवाळावर तो उभा असतो ते मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच आडवी पसरून. शेवाळाचा थर चढत गेला तर खोडातून नवी मुळे फोडून तो त्याच्याबरोबर वर येतो. म्हणून मी पंपाच्या नळीच्या तोंडापासून दहा फुटांवर, फूटभर उंचीचे रुंद, पसरट उंचवटे केले आणि त्यांवर रोपे लावली, म्हणजे मुळांना खाली ओल आणि वर हवा दोन्ही मिळेल. खड्डा खोल नव्हे, परातीसारखा उथळ आणि रुंद केला, कारण मुळे त्याच आकारात वाढणार होती. शेणखत किंवा रासायनिक खत काहीही घातले नाही. वर लाकडाच्या भुशाचा चार बोटे थर दिला, पण तो खोडाला चिकटू दिला नाही.

दुसरी अट उन्हाची. सावलीत टॅमरॅक जगत नाही, आणि मला वाटते हेच त्याच्या आयुष्याचे मर्म आहे. चांगल्या, निचऱ्याच्या, सुपीक जमिनीत तो खरे तर दलदलीपेक्षा जास्त जोमाने वाढतो. पण अशा जमिनीत मेपल, बासवूड, स्प्रूस सगळेच जोमाने वाढतात आणि त्यांच्या सावलीत तो हरतो. दलदलीत तो आनंदाने राहतो असे नव्हे, तिथे दुसरे कोणी त्याच्या डोक्यावर येत नाही म्हणून राहतो. हे कळल्यावर मला आपल्या कोकणातल्या कातळावर वाढणाऱ्या झाडाझुडपांची आठवण झाली. अंगणात मात्र सावली येऊ न देणे आपल्या हातात असते. शेजारच्या कुंपणावरून झुकलेल्या बॉक्सएल्डरच्या दोन फांद्या मी त्यांची परवानगी घेऊन काढल्या, आणि पाचांपैकी जगलेली रोपे तिसऱ्या वर्षापासून दरसाल दीड-दोन फूट उंच होऊ लागली.

जगली ती दोनच. एक पहिल्याच उन्हाळ्यात गेले, आणि दोघांचे शेंडे पहिल्या हिवाळ्यात सशांनी खाल्ले. बर्फ दोन फूट साचला, की ससे त्या बर्फावर उभे राहून एरवी न पोचणाऱ्या उंचीपर्यंत सहज कुरतडतात, आणि मी लावलेली जाळी फक्त फूटभर उंच होती. त्या दोघांची मला अजून हळहळ आहे. उरलेल्या दोघांभोवती साडेतीन फुटांची तारेची जाळी आली आणि ती सहा वर्षे राहिली, कारण सशांनंतर शिंगे घासायला येणाऱ्या हरणांची पाळी असते.

आई आली ती २०१४च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तो हिवाळा फार कडक गेला होता आणि गावभर सदाहरित झाडांची दशा वाईट होती. आमच्या दाराशी थुजाची कुंपणासारखी एक रांग होती, आपल्याकडच्या मयूरपंखीच्या नात्यातली. तिची दक्षिणेकडची सगळी बाजू विटकरी होऊन गेली होती. आई विमानप्रवासाचा शीण उतरताच शाल गुंडाळून अंगण बघायला निघाली, आणि त्या कोपऱ्यात येऊन थांबली. जाळीत उभ्या, पुरुषभरही न वाढलेल्या, काळपट काटक्या तिने खालपासून वरपर्यंत पाहिल्या.

“हा तुझा सुरू वाळला गो.”

मी तिला फोनवर ‘सुरूसारखे झाड लावले आहे’ एवढेच सांगितलेले होते. मी पानगळीचे सांगायला लागले, पण तिने ऐकून घेण्याआधीच हात जाळीत घातला, अंगठ्याच्या नखाने एका फांदीची साल तीळभर खरवडली आणि वाकून पाहिले. शेवग्याची लावलेली फांदी किंवा जास्वंदीची काडी जिवंत आहे की नाही, हे ती असेच बघते. सालीखाली ओला, पोपटी हिरवा थर होता. “नाही वाळला,” ती म्हणाली, आणि मग फांदीवरच्या मोहरीएवढ्या गाठींवरून बोट फिरवत राहिली. त्या गाठी म्हणजे टॅमरॅकच्या आखूड फांद्या. लांबीने वर्षाला एखादा मिलिमीटरसुद्धा न वाढणाऱ्या या खुंट्यांवरच दरवर्षी सुयांची जुडी येते, आणि हिवाळ्यात त्यांच्यामुळेच मेलेली फांदी व झोपलेली फांदी यांतला फरक ओळखता येतो. ज्यांना हे माहीत नसते ते झाड मेले म्हणून करवत चालवतात. असे प्रकार इथे खरोखर घडतात.

त्या दिवशी स्वयंपाकघरात चहा घेताना आईने विचारले, की थंडीला न भिणारे झाड आहे तर पाने टाकते कशाला. प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर दाराशी विटकरी होऊन उभे होते. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन तीन-तीन फूट गोठते. मुळांच्या भोवती पाणी असते, पण ते बर्फ असते, ते शोषता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन कडक पडते, बर्फावरून परावर्तित होऊन ते दुप्पट झोंबते, कोरडा वारा सुटतो, आणि हिरव्या पानांतून पाणी उडू लागते. वरून खर्च चालू आणि खालून जमा काही नाही, अशी अवस्था झाली की पान करपते. थुजाला थंडीपेक्षा त्या तहानेने अधिक मारले होते. टॅमरॅकला तहान लागायला त्या दिवसांत पानच नव्हते.

हे सांगत असताना माझ्याच लक्षात आले, की मी आईला तिच्याच गावाची गोष्ट सांगते आहे. आपल्याकडे साग, पांगारा, सावर, सालई पाने टाकतात ती थंडीमुळे नव्हेच. पावसाळ्याचे पाणी जमिनीत खोल गेलेले असते, ऊन वाढत जाते, आणि मृगाला अजून तीन-चार महिने असतात. डिसेंबरनंतर सह्याद्रीचे उतार उघडे पडत जातात ते कोरड पडते म्हणून. इथे पाणी गोठते, तिथे पाणी आटते. झाडाच्या दृष्टीने पाणी नाही ते नाहीच. मी इतकी वर्षे इथल्या पानगळीला थंडीचे लक्षण समजत होते आणि तिकडच्या पानगळीला उन्हाळ्याची चाहूल. टॅमरॅकमुळे पहिल्यांदा दोन्हींच्या मुळाशी तहान आहे, हे समजले. आई म्हणाली, “मग आपला पांगाराच की हा. नुसता उलट्या ऋतूतला.” तेव्हापासून ती त्याला सुरू म्हणत नाही.

पाने टाकण्याआधी हे झाड जे करते ते तर कोकणी माणसाला विशेष कळावे. पावसाळा तोंडावर आला, की आमच्याकडे आगोट भरतात: मिरच्या, सुकी मासळी, आमसुले, सरपण, जे चार महिने मिळणार नाही ते सारे घरात येऊन पडते. टॅमरॅक ऑक्टोबरात सुयांमधले नत्र आणि स्फुरद काढून घेतो आणि फांद्यांत, खोडात साठवतो. दलदलीत या दोन्ही गोष्टींची कायमची टंचाई असते, कारण शेवाळ नीट कुजतच नाही आणि अन्न मोकळे होत नाही; मग जे मिळाले ते गळणाऱ्या पानाबरोबर फेकून कसे चालेल? हिरवे काढून घेतले, की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. आपण ज्याच्यासाठी गाड्या काढून उत्तरेला जातो तो सोनेरी देखावा म्हणजे त्या झाडाची आगोट भरून झाल्याची खूण असते. गंमत म्हणजे त्याच दलदलीत त्याच्या शेजारी काळा स्प्रूस उभा असतो, आणि त्याने अगदी उलटा मार्ग धरलेला असतो: जाड, मेणचट, चिवट सुया एकदा करायच्या आणि पुढे कितीतरी वर्षे वापरायच्या. टॅमरॅकच्या सुया पातळ आणि कमी खर्चाच्या, दरवर्षी नव्या. त्यांतला शहाणा कोण, हे मला ठरवता आलेले नाही. दहा हजार वर्षांपूर्वी इथल्या हिमनद्या मागे सरल्यानंतर तयार झालेल्या दलदलींत दोघेही शेजारी उभे आहेत, इतकेच दिसते.

आई सहा महिने राहिली, त्यामुळे तिला सगळे बघायला मिळाले. मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्या प्रत्येक गाठीतून हिरवा ठिपका बाहेर आला आणि चार दिवसांत त्याची जुडी झाली, इतकी कोवळी, की दव पडले तरी वाकावी. आईने ती दूर्वांची जुडी म्हणून ओळखली. एकवीस भरत नाहीत, पण जुडी दूर्वांचीच, असे तिचे मत पडले. तो हिरवा रंग पंधरा दिवस टिकतो. त्याला मराठीत पोपटी म्हणतात, पण पोपटीत जी झळाळी असते ती यात नाही. पहिल्या पावसानंतर आठव्या दिवशी तरव्यातली भाताची रोपे लांबून दिसतात तसा तो आहे. पुढे उन्हाळ्यात तो निळसर, शांत होतो आणि झाडाकडे विशेष लक्ष जात नाही. त्याची सावली विरळ असते, खाली नेचे आणि निळे आयरिस सुखाने वाढतात, आणि हिवाळ्यात तर त्याच्यातून ऊन थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत येते. जिथे नोव्हेंबर ते मार्च उजेडाची वाट पाहावी लागते तिथे ही लहान गोष्ट नव्हे.

जुन्या काळी या झाडाच्या लाकडाला बंदरांत मागणी असे. मुळे खोडापासून जवळजवळ काटकोनात आडवी निघतात, आणि बुंध्यासकट मूळ खणून काढले, की निसर्गतःच वाकलेला, न जोडलेला कोन मिळतो. लाकडी जहाजाच्या बाजूची फासळी आणि तक्तपोशीची तुळई जिथे मिळतात तिथे हे कोन बसवत. होड्या बांधणारे सुतार रानात वाकडे लाकूड शोधत फिरतात, हे मी राजिवड्याच्या बाजूला लहानपणी पाहिलेले आहे, त्यामुळे हे वाचताना मला ते लाकूड हातात धरल्यासारखे वाटले. कॅनडातल्या जेम्स उपसागराकाठचे क्री हे मूळ रहिवासी आजही टॅमरॅकच्या डहाळ्या बांधून हंसांच्या हुबेहूब आकृती करतात; पूर्वी त्या शिकारीत पक्ष्यांना भुलवण्यासाठी मांडत.

आमच्या झाडांनी ३० जानेवारी २०१९ची पहाटही पाहिली. मिनिआपोलिसला त्या दिवशी उणे ३३ अंश सेल्सिअस होते, शाळा बंद होत्या, आणि खिडकीतून मला ती दोन झाडे निळ्या उजेडात जशीच्या तशी दिसत होती. मला त्यांची काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती त्याच्या उलट दिवसांत. २०२१च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळ पडला, पंप महिनोन्‌महिने सुरू झालाच नाही, आणि ऑगस्टमध्येच आतल्या सुया पिवळ्या पडू लागल्या. तेव्हा पहिल्यांदा मी त्या ओल्या कोपऱ्याला नळी लावून पाणी दिले, आठवड्यातून दोनदा, मुळे पसरली आहेत तिथपर्यंत, रात्रभर ठिबकत. उष्णता आणि कोरडेपणा हे या झाडाचे खरे शत्रू आहेत. म्हणूनच ह्यूस्टनच्या माझ्या मैत्रिणीने रोप मागितले तेव्हा मी तिला नाही म्हटले आणि बाल्ड सायप्रस लावायला सांगितले. ते तिच्याकडचे, तिथल्या दलदलींतले, सूचिपर्णी असून पानझडी असलेले झाड आहे. पुण्यात लावता येईल का, असेही विचारणारे असतात. येणार नाही. थंडी ही टॅमरॅकची गरज आहे.

ही गरज भागेनाशी झाली तर काय होते, ते मी उत्तरेला पाहिले आहे. अप्पर रेड लेकच्या काठी, वास्किशजवळ, बिग बॉग नावाचे राज्य मनोरंजन क्षेत्र आहे, आणि तिथे मैलभर लांबीची पायवाट दलदलीच्या पोटात जाते. २०१८च्या ऑक्टोबरात आम्ही तिकडे निघालो होतो. वाटेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टॅमरॅकचे पट्टेच्या पट्टे राखाडी होऊन उभे होते, साल सोललेले, आणि ती पानगळ नव्हती. ईस्टर्न लार्च बीटल नावाचा, तांदळाच्या दाण्याहून मोठा नसलेला, सालीखाली राहणारा भुंगेरा या शतकाच्या आरंभापासून मिनेसोटातले लाखो एकर टॅमरॅक पोखरत आला आहे. तो परका नाही, इथलाच आहे, आणि पूर्वी म्हातारी किंवा दुबळी झाडे मारून थांबत असे. उन्हाळा लांबला तसे त्याला एका वर्षात एकीऐवजी दोन पिढ्या वाढवणे जमू लागले, हे मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. सुया खाणाऱ्या किडींना टॅमरॅक बहुधा पुरून उरतो, कारण त्याला दरवर्षी नव्या सुया आणायची सवयच असते. एका मोसमात सगळ्या गेल्या तरी तो पुन्हा फुटतो. सालीखालच्या शत्रूपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. बिग बॉगच्या पायवाटेवर आत गेल्यावर जिवंत, सोनेरी झाडे भेटली, खाली घटपर्णीचे लाल पेले होते, आणि मी तिथे बराच वेळ उभी राहिले. परतताना गाडीत आम्ही फारसे बोललो नाही.

२०२३ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने कोणत्या भागात किती थंडी पडते त्यानुसार देशाचे पट्टे पाडणारा नवा नकाशा प्रसिद्ध केला. देशाचा सुमारे निम्मा भाग अर्ध्या पट्ट्याने उबदार झाला होता, आणि आमचे उपनगर त्यात होते. बागकाम करणाऱ्या अनेकांना आनंद झाला, कारण आता थोडी नाजूक झाडेही लावता येतील. मला तो आनंद झाला नाही. आमचे घर टॅमरॅकच्या मुलखाच्या दक्षिण कडेला आहे, आणि कड सरकते आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही झाडांवर पहिल्यांदा फुलोरा आला. मादीशंकू सुरुवातीला गुलाबाच्या कळीसारखे लाल असतात, नखाएवढे, फांदीवर सरळ उभे. त्यांच्याजवळच नरांचे पिवळे ठिपके. झाडे दोन आहेत याचे मला त्या दिवशी फार समाधान वाटले, कारण एकट्या झाडाच्या बियांत बहुधा जीव धरत नाही. ऑगस्टअखेर शंकू तपकिरी झाले, आणि खवले उघडण्याआधी मी पंधरा-वीस काढून कागदी पिशवीत ठेवले. पिशवीत पडलेले बी तिळाहून लहान होते, प्रत्येकाला एक पातळ पंख. नोव्हेंबरमध्ये शेवाळ आणि वाळू भरलेल्या ट्रेमध्ये ते पसरले, वर तारेची जाळी बांधली आणि ट्रे उत्तरेच्या भिंतीशी जमिनीत रोवला, कारण या बियांना रुजण्याआधी ओला हिवाळा लागतो. तो हिवाळा इथल्या नोंदीतल्या सर्वांत उबदार हिवाळ्यांपैकी एक निघाला. जानेवारीत अंगणात गवत दिसत होते. मी दर आठवड्याला फ्रीजरमधला बर्फ खरवडून ट्रेवर टाकत होते.

मेच्या मध्यास तीन रोपे वर आली. रोप म्हणजे दोऱ्याएवढा दांडा आणि त्यावर पाच-सहा सुयांचे चक्र, बीचे टरफल अजून टोकाला अडकलेले. आईला फोन केला तेव्हा रत्नागिरीत उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि पांगाऱ्याला नवी पाने येऊन गेली होती. तिने किती रुजली ते विचारले, आणि मग ती कुठे लावणार, ते विचारले.

दोन मी ठेवणार नाही. मिनेसोटाच्या उत्तर भागातल्या डलूथ शहराच्या उत्तरेला माझ्या एका सहकारी मैत्रिणीची जमीन आहे, तिच्या एका कडेला ओढा आणि ओढ्याला लागून दलदलीचा पट्टा आहे, आणि आमच्यापेक्षा तिथला हिवाळा महिनाभर मोठा असतो. पुढच्या वसंतात, डोळे फुटण्याआधी, मुळे ओल्या कागदात गुंडाळून ती दोन तिकडे जातील. जाळी या वेळी सुरुवातीपासून साडेतीन फुटांची असेल. तिसरे आमच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीपासून पंधरा फुटांवर. तिथला उंचवटा परवाच करून ठेवला आहे.